अस्वलाचें मांस : भक्ष्य कीं अभक्ष्य?

लहानपणीं दारावर आलेला दरवेशी आणि त्याच्या दोरीला बांधलेलें अस्वल ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना त्या प्राण्याविषयींच्या समजुती निराळ्या सांगावयास नकोत. त्याचा केंस ताइतांत घालावयाचा, त्याच्या पाठीवर मुलाला बसवून त्याची भीति मोडावयाची, आणि त्याची चरबी सांध्यांना चोळावयाची. अंगाला चोळल्यानें जें गुणकारी, तें पोटांत घेतल्यास अधिकच गुणकारी असलें पाहिजे, हें अनुमान मग दूर राहत नाहीं. अस्वलाचें मांस चांगलें काय, व तें खाणें निर्धोक काय, हा प्रश्न या वाटेनेंच उत्पन्न होतो. वरवर पाहतां तो शिकाऱ्यांचा प्रश्न वाटेल. परंतु त्याचें उत्तर आपल्या पूर्वजांनीं कसें दिलें, आणि त्यांत कोणती गोष्ट त्यांस दिसूं शकली नाहीं, हें पाहणें बोधप्रद आहे.

प्रथम वैद्यक घेऊं. चरकानें मांसवर्गाचें विवेचन करतांना प्राण्यांचे वर्ग त्यांच्या राहणीवरून व खाण्याच्या रीतीवरून पाडले आहेत. झडप घालून, हिसकून खाणारे ते ‘प्रसह’. सिंह, चित्ता, लांडगा यांच्या पंक्तीस अस्वल याच वर्गांत बसविलेलें आहे. सुश्रुतानें त्याला ‘गुहाशय’, म्हणजे गुहेंत राहणाऱ्या प्राण्यांत घातलें. दोघांच्याही मतें अशा प्राण्यांचें मांस पचावयास जड, उष्ण, स्निग्ध, बल देणारें व वात हरण करणारें आहे. चरकानें तें जाठराग्नि प्रखर असलेल्या व नित्य व्यायाम करणाऱ्या मनुष्यासच योग्य ठरविलें, आणि मांसाहारी प्रसहांच्या मांसाचा उपयोग जुनाट मूळव्याध, ग्रहणी व क्षय यांवर सांगितला. चरबी सांध्यांना चोळण्याची जनरीत या वातहारक गुणाशीं जुळती आहे, हें ध्यानांत येईल. परंतु हें ग्रंथकार अस्वलाचें मांस रोजच्या ताटांत वाढीत नाहींत. तें औषधाच्या कोटींत ठेवतात. नित्य सेवनास हलकें म्हणून त्यांनीं वाखाणलें तें लावा, तित्तिर, हरिण यांचें मांस.

धर्मशास्त्राची दृष्टि याहून निराळी. पांच नखांचे प्राणी अभक्ष्य, असा मनुस्मृतीचा सामान्य नियम असून साळिंदर, घोरपड, गेंडा, कासव, ससा असे थोडेच प्राणी त्याला अपवाद म्हणून सोडले आहेत. अस्वल पंचनख आहे आणि अपवादांत नाहीं. तेव्हां निर्णय उघड आहे. म्हणजे एकाच प्राण्याविषयीं वैद्य ‘प्रसंगीं द्यावें’ म्हणतो आणि स्मृतिकार ‘खाऊं नये’ म्हणतो. यांत विसंगति नाहीं. वैद्यापुढें रोगी होता, स्मृतिकारापुढें समाज होता.

आतां शास्त्रांतून प्रत्यक्ष स्वयंपाकघरांत येऊं. आणि त्यासाठीं धाराशिव जिल्ह्याबाहेर फार दूर जावें लागत नाहीं. उमरग्याच्या पलीकडे, आजच्या बीदर जिल्ह्यांत, बसवकल्याण म्हणून जें गांव आहे, तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेर, नळदुर्ग हा सारा मुलूख त्या सत्तेखालीं होता. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९-३० च्या सुमाराचा. मराठीच्या अभ्यासकांस तो त्यांतील जुन्या मराठी पद्यांमुळें परिचित आहे; बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेंत गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनीं तो संपादिला. त्याच्या तिसऱ्या विंशतींत राजाच्या अन्नभोगाचें वर्णन आहे. रानडुक्कर, हरिण, ससा, कासव, खेंकडा, इतकेंच काय, शेतांतले उंदीरसुद्धां त्या पाकशाळेंत शिजत. राजाची जीभ संकोची होती असें कोणीहि म्हणणार नाहीं.

त्यांतील रानडुकराची कृति विशेष पाहण्याजोगी आहे. जनावरावर पांढरें वस्त्र पसरून त्यावर कढत पाणी ओतीत राहावयाचें, तों केंस हातानें उपटून येईपर्यंत. किंवा अंगास माती लिंपून गवताच्या जाळानें केंस जाळून टाकावयाचे. नंतर तें निखाऱ्यावर भाजावयाचें, आणि मग त्याचे तुकडे करून मीठ-मसाल्यानें नानाप्रकारचे पदार्थ करावयाचे. या साऱ्या खटाटोपाचा हेतु रुचि हाच होता. कोणत्या रोगाच्या भीतीनें तो केला, असें ग्रंथांत सांगितलेलें नाहीं.

आणि भीति वाटणार तरी कशाची? जी वस्तु डोळ्यांस दिसत नाहीं, नाकास कळत नाहीं व जिभेस जाणवत नाहीं, तिची भीति बाळगण्यास पूर्वीं साधनच नव्हतें. १८३५ सालीं लंडनमध्यें जेम्स पॅजेट या वैद्यकीच्या विद्यार्थ्यास शवच्छेद करतांना स्नायूंत बारीक कण आढळले. ते सूक्ष्मदर्शकाखालीं धरतां त्यांत गुंडाळून बसलेला कृमि दिसला. रिचर्ड ओवेन यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तरीहि पंचवीस वर्षें तो निरुपद्रवीच समजला गेला. १८६० सालीं ड्रेस्डेन येथें विषमज्वराचा संशय असलेली एक तरुण मोलकरीण दगावली. झेंकर यांनीं तिच्या स्नायूंत हेच कृमि पाहिले आणि त्यांचा माग डुकराच्या मांसापर्यंत नेऊन पोंचविला. ट्रायकिनेला असें त्या कृमीचें नांव. प्रथम पोट बिघडतें. पुढें ताप येतो, पापण्या सुजतात, अंग मोडून येतें. आणि कधीं कधीं हृदयासहि अपाय होतो. डुकराप्रमाणेंच अस्वल हेंहि या कृमीचें घर आहे.

या संबंधांत उत्तर ध्रुवाकडील एक करुण कथा आठवते. १८९७ च्या जुलैंत आंद्रे हा स्वीडिश साहसी पुरुष दोघां सोबत्यांसह विमानासारख्या फुग्यांतून ध्रुवाकडे निघाला. तीन दिवसांतच फुगा बर्फावर उतरला. मग ते कित्येक आठवडे चालत राहिले व मुख्यतः पांढऱ्या अस्वलाच्या मांसावर जगले. त्यांचीं प्रेतें १९३० सालीं एका निर्जन बेटावर सांपडलीं. पुढें, १९५२ सालीं, ट्रिडे या डॅनिश वैद्यानें त्यांच्या सामानांतील अस्वलाच्या अवशेषांत हेच कृमि आढळल्याचें सांगून मृत्यूचें कारण तेंच असावें असें प्रतिपादिलें. इतर कारणेंहि सुचविलीं गेलीं आहेत व वाद मिटलेला नाहीं. परंतु अर्धें कच्चें मांस त्यांस घातक ठरलें असण्याचा संभव नाकारतां येत नाहीं. त्याच्याहि तीनशें वर्षें आधीं बॅरेंट्सच्या डच खलाशांनीं पांढऱ्या अस्वलाचें काळीज खाल्लें, तेव्हां तिघे अतिशय आजारी पडून त्यांच्या अंगाचीं सालपटें निघालीं. त्या काळजांत ‘अ’ जीवनसत्त्व विषवत् प्रमाणांत असतें, हें विसाव्या शतकांत कळलें.

आपल्या दख्खनचें अस्वल त्या हिंसक भाऊबंदांहून पुष्कळ सौम्य आहाराचें. वारूळ उकरून वाळवी ओढावी, मोहाचीं फुलें, बोरें, जांभळें खावीं, मधाच्या पोळ्यावर हात मारावा, हा त्याचा क्रम. मांसाहारांतून पसरणारा कृमि त्याच्यांत कमी असावा हें तर्कास धरून आहे. पण तें कधींमधीं मेलेल्या जनावरासहि तोंड लावतें. म्हणून तर्कावर विसंबून घास घेणें शहाणपणाचें नव्हे. मीठ लावल्यानें, धुरी दिल्यानें वा वाळविल्यानें हा कृमि खात्रीनें मरत नाहीं. थंड प्रदेशांतील जाति तर गोठविल्यानेंहि मरत नाहीं. मांसाच्या गाभ्यापर्यंत ७१ अंश सेंटिग्रेड उष्णता पोंचली म्हणजे मात्र तो जगत नाहीं. कल्याणीच्या आचाऱ्यानें रुचीसाठीं जो विस्तव पेटविला, तोच नकळत राजाचा रक्षक झाला असला पाहिजे. अन्नाचा निर्धोकपणा प्राण्याच्या नांवांत नसून विस्तवांत होता. मात्र हें ज्ञान आपलें आहे, त्याचें नव्हे. जुन्या रीतींचें कौतुक करतांना त्या रीतींना आधुनिक शास्त्राचें श्रेय देऊन टाकण्याचा मोह टाळला पाहिजे.

तर मग चांगलें शिजविलें कीं प्रश्न संपला? नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अस्वल आतां पहिल्या अनुसूचींत आहे. त्याची शिकार करणें वा त्याचें मांस बाळगणें हा किमान तीन वर्षांच्या कारावासाचा गुन्हा आहे. ज्या गुणांसाठीं त्याची चरबी व पित्त शोधीत, त्यांसाठीं आज औषधांच्या दुकानांत पर्याय आहेत. पित्तांतील औषधी द्रव्य तर कृत्रिम रीतीनेंहि बनतें. आणि धाराशिव जिल्ह्यांत रान उरलें आहे तें किती? येडशी-रामलिंगच्या चिमुकल्या अभयारण्यांत २०२४ च्या डिसेंबरांत टिपेश्वराकडून चालत आलेला एक वाघ दिसला, तर साऱ्या मराठवाड्यांत त्याची वार्ता झाली! ज्या मुलुखांत सोमेश्वराची मृगया चाले, तेथें आज एका श्वापदाचें पाऊल उमटणें ही बातमी ठरते.

चरकानें अस्वलाला औषधांत ठेविलें, मनूनें पानावरून उठविलें, सूक्ष्मदर्शकानें त्याच्या मांसांतला धोका दाखविला. पहिल्या दोघांच्या काळीं रानांत अस्वलें पुष्कळ होतीं. म्हणून खावें कीं न खावें एवढेंच त्यांना ठरवावयाचें होतें. आपल्यापुढें प्रश्न उरला आहे तो अस्वल राहावें कीं न राहावें, हा. आणि त्याचें उत्तर देतांना जिभेची साक्ष काढण्याचें कारण नाहीं.