मेडिकल एथिक्समध्ये करिअर करायचंय? डॉक्टर असणं गरजेचं आहे का?

परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर जवळपास ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना अन्न देणं थांबवावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनीच तिला विरोध केला. २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, पण काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायला परवानगी देता येईल, असंही स्पष्ट केलं.

रुग्ण बोलू शकत नसेल, तर त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा? अशा प्रश्नांचा अभ्यास म्हणजे मेडिकल एथिक्स, अर्थात वैद्यकीय नीतिशास्त्र.

काम नेमकं काय असतं?

भारतात यातलं बरंच काम एथिक्स कमिटीत चालतं. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची, तर आधी या कमिटीची मंजुरी लागते. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत आहे का? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? रुग्णाला मध्येच बाहेर पडता येईल का? हे सगळं कमिटी तपासते.

डॉक्टरच असावं लागतं का?

नाही. २०१९ च्या नियमांनुसार कमिटीत किमान ७ सदस्य लागतात. त्यात किमान एक महिला, एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक आणि समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्रासारख्या क्षेत्रातली एक व्यक्ती हवी. निम्मे सदस्य आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात.

शिक्षण कुठे?

- एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून नीतिमूल्यं आणि रुग्णाशी संवाद हा भाग सक्तीचा आहे.
- बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने मेडिकल लॉ अँड एथिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा दूरशिक्षणातून सुरू केला.
- मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठाने बायोएथिक्सचे अभ्यासक्रम चालवले आहेत.

प्रवेशाआधी चालू वर्षाची माहिती संस्थेकडून घ्यावी. सुरुवातीच्या वाचनासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि १९९३ मध्ये मुंबईत सुरू झालेलं, आता 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' नावाने निघणारं नियतकालिक उपयोगी आहे.

नोकरी मिळते का?

इथे वास्तव समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत 'क्लिनिकल एथिसिस्ट' हे पद असतं, भारतात ते क्वचितच दिसतं. कमिटीच्या सदस्यांना साधारणपणे बैठकीमागे मानधन मिळतं, पगार नाही. पूर्णवेळ काम मिळतं ते कमिटीच्या कार्यालयात, क्लिनिकल रिसर्च कंपन्यांत, अध्यापनात किंवा रुग्णहक्कांवर काम करणाऱ्या संस्थांत.

म्हणून आधी वैद्यक, नर्सिंग, कायदा किंवा सोशल वर्कची पदवी घ्यावी आणि तिला एथिक्सची जोड द्यावी, हा मार्ग जास्त सुरक्षित.

पैसा कमी असला तरी जबाबदारी मोठी आहे. संमतीपत्रावर अंगठा उमटवणाऱ्या माणसाला त्यातलं काही कळलंय का, हे विचारणारं कमिटीत कोणीतरी असावंच लागतं.