होळीची लाकडं

आमच्या गावात होळीची लाकडं कुणी विकत आणत नसे, आणि मागूनही आणत नसे. ती चोरायची असत. फाल्गुन लागला की आम्ही पोरं अंधार पडल्यावर वस्तीवस्तीनं हिंडायचो. कुणाच्या गोठ्याची मेढ, कुणाच्या परड्यातलं जळण, कुणाचं मोडकं जू, हाताला लागेल ते ओढून आणायचं. एकदा वस्तू होळीवर पडली की मालकानं ती परत मागायची नाही, असा रिवाज. मालकानं शिव्या द्यायच्या, पोरांनी बोंब ठोकायची, की फिटंफाट झाली.

मी सातवीत होतो त्या साली आम्ही एका म्हातारीची बाज उचलली. तिला नवरा नव्हता, पोरबाळ नव्हतं. ती त्या रात्री देवळात भजनाला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती होळीच्या माळावर आली, ढिगातली आपली बाज ओळखली, तिच्या पायाला हात लावून बघितला आणि तशीच माघारी गेली. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी ती बाज केव्हाच विसरून गेलो असतो.

पुढं तीसेक वर्षांनी ही बाज मला पुन्हा आठवली ती इंग्लंडात. बायकोच्या नोकरीपायी आम्ही यॉर्कशायरमध्ये, यॉर्क आणि लीड्स या दोन शहरांच्या मधल्या एका खेड्यात राहायला गेलो होतो. एक चर्च, एक शाळा, एक दारूचा गुत्ता आणि गावकऱ्यांचा एक जुना हॉल, एवढंच गाव. मी हिशेबाचं काम करतो हे कळल्यावर तिथल्या कमिटीनं मला खजिनदार करून टाकलं. कमिटीचं मोठं काम वर्षाला एकच. ५ नोव्हेंबरच्या सुमारास गावाची शेकोटी पेटवायची, आतषबाजी करायची, आणि जमलेला पैसा हॉस्पिसला द्यायचा. जिथं बऱ्या न होणाऱ्या माणसांची शेवटची सेवा करतात, ते हॉस्पिस. गावातलं एकही घर असं नव्हतं की ज्यातलं कुणी तिथं गेलं नव्हतं.

फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आरं, मग ही होळीच की. पर त्यात जाळत्यात काय?"

"गाय," मी म्हणालो.

पलीकडं एकदम शांत झालं. मग तिला समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. ही गाय म्हणजे जनावर नव्हे. गाय फॉक्स नावाचा माणूस. जुनी विजार, जुना कोट, त्यात गवत-कागद कोंबून त्याचं बाहुलं करतात, त्यालाही 'गाय' म्हणतात. इंग्रजीत आज कुठल्याही माणसाला 'गाय' म्हणतात, तो शब्दही ह्याच बाहुल्यावरनं आलेला.

हा गाय मूळचा यॉर्कचाच, १५७० साली जन्मलेला. त्या काळात इंग्लंडच्या राजानं रोमच्या पोपशी नातं तोडून आपलं वेगळं चर्च केलेलं होतं. जे लोक जुन्या कॅथलिक पंथाला धरून राहिले, त्यांच्यामागं कायदा लागला. सरकारी चर्चला गेलं नाही की दंड. १५८१ च्या कायद्यानं तो दंड महिन्याला २० पौंड केला. ही रक्कम त्या काळी चांगल्या खात्यापित्या घरालासुद्धा बुडवणारी होती. कॅथलिक पाद्री घरात लपवला तर फाशी. १६०३ साली पहिला जेम्स गादीवर आला तेव्हा ह्या लोकांना वाटलं, आता जरा सैल होईल. तसं काही झालं नाही. मग रॉबर्ट केट्सबी नावाच्या सरदारपुत्रानं कट रचला. पार्लमेंट भरायच्या दिवशी राजासकट सगळं सभागृह उडवायचं. लॉर्डांच्या सभागृहाखालची एक तळखोली त्यांनी भाड्यानं घेतली आणि तिथं दारूगोळ्याची ३६ पिंपं सरपणाखाली दडवली. गाय फॉक्सनं परदेशात लढाया केलेल्या, दारूगोळ्याची त्याला माहिती. म्हणून राखणीला तो. पण कुणीतरी एका लॉर्डाला निनावी पत्र धाडलं की त्या दिवशी पार्लमेंटला जाऊ नका. झडती झाली, आणि ४ नोव्हेंबर १६०५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास गाय सापडला. त्याचे हाल हाल करून ३१ जानेवारी १६०६ ला त्याला संपवलं.

राजा वाचला म्हणून लंडनच्या लोकांनी ५ नोव्हेंबरच्या त्याच रात्री रस्तोरस्ती शेकोट्या पेटवल्या. पुढच्या साली पार्लमेंटनं कायदाच केला, की दर ५ नोव्हेंबरला चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली पाहिजे. हा कायदा १८५९ पर्यंत चालला. म्हणजे अडीचशे वर्षं हा सण सरकारी होता. त्यात पोपचे पुतळे जळायचे, कॅथलिकांच्या दारावर दगड पडायचे. दक्षिणेत ससेक्समधल्या लुइस गावात तर राणी मेरीच्या राज्यात, १५५५ ते १५५७ मध्ये, १७ प्रॉटेस्टंट लोकांना जिवंत जाळलं होतं. त्यांच्या आठवणीला तिथं अजून १७ जळते क्रूस मिरवतात. दोन्ही बाजूंनी माणसं जाळली, आणि आठवण मात्र ज्याची त्याची वेगळी राहिली.

एकोणिसाव्या शतकात ह्या रात्री दंगे फार होऊ लागले. मग ठिकठिकाणी मंडळं निघाली, मिरवणुकीला वेळ आणि वाट ठरली. हळूहळू हाणामारी मागं पडली आणि डबा फिरवणं पुढं आलं. आज ससेक्समधली शेकोटी-मंडळं हजारो माणसं जमवतात आणि धर्मादाय कामाला पैसा गोळा करतात. दुसऱ्या महायुद्धात वरनं विमानं यायची, म्हणून उजेडालाच बंदी होती. सहा वर्षं एकही शेकोटी नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा पेटली.

दारूगोळ्याचीही एक खेडवळ गोष्ट आहे. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो, आणि त्या काळी तो निघायचा गोठ्यातल्या नि कबुतरखान्यातल्या मुतरट मातीतनं. राजाचा परवाना घेऊन सोरेवाले यायचे आणि शेतकऱ्याचा गोठा उकरून जायचे. तक्रार कुणाकडं करणार? पुढं ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं बिहारचा सोरा भरभरून न्यायला लागली, तेव्हा इंग्लंडच्या गोठ्यांची सुटका झाली.

पण मला सगळ्यात मौज वाटली ती निराळीच. आमच्या भागातले म्हातारे सांगायचे, की पूर्वी ऑक्टोबरभर पोरं लाकडं जमवत हिंडायची. त्याला तिथं 'चंपिंग' म्हणतात. आणि वरच्या आळीची पोरं रात्री खालच्या आळीचा ढीग चोरायची! बाहुलं हातगाडीवर बसवून 'गायसाठी पेनी द्या' म्हणत दारोदार फिरायची, अगदी आपल्या शिमग्याच्या पोस्तासारखी. हे ऐकून मला तिथं पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

आता मात्र चोरी नाही, सगळं कागदावर. विमा काढायचा. अग्निशमन दलाला कळवायचं. घोडेवाल्यांना आठवडाभर आधी चिठ्ठी द्यायची. रंग दिलेलं लाकूड आणि टायर ढिगात घ्यायचे नाहीत. ढीग शक्यतो त्याच दिवशी रचायचा, कारण साळिंदरासारखा दिसणारा छोटा काटेरी हेजहॉग थंडीसाठी त्यात जाऊन झोपतो. आधी रचला असेल तर पेटवण्याआधी काठीनं उचलून बॅटरीनं बघायचं. पेटवलेला बार फुसका निघाला तरी त्याच्याजवळ परत जायचं नाही. रात्री ११ नंतर दारू उडवायची नाही. ५ नोव्हेंबरला फक्त १२ पर्यंत मुभा. आणि २००४ च्या त्या नियमात दिवाळीच्या रात्री १ पर्यंत मुभा दिली आहे, हे वाचून मी कमिटीत छाती फुगवून सांगितलं. कुणी काही बोललं नाही, पण अध्यक्षबाईंनी मला चहा दिला.

आमची शेकोटी ज्या रानात व्हायची, त्याचा मालक सत्तरीचा शेतकरी. गडी बोलायला रांगडा, आणि तिथल्या रीतीप्रमाणं बाप्यालाही 'लव्ह' म्हणायचा. नोव्हेंबर म्हणजे तिकडं मेंढ्या फळायचा महिना. त्या बिचकू नयेत म्हणून तो दोन दिवस आधी कळप लांबच्या रानात हलवायचा. रान फुकट, लाकूड फुकट, ट्रॅक्टर फुकट. पण शेकोटीच्या रात्री स्वतः कधी यायचा नाही.

एकदा भाड्याची पावती करायची का, हे विचारायला मी त्याच्याकडं गेलो. सहज म्हणालो, "तुम्ही येत नाही कधी?"

त्याचं बोलणं आपल्या बोलीत सांगायचं तर असं होतं : "लव्ह, आमी कॅथलिक. आमचं घराणं हितलं जुनं. त्या दंडापायी आमच्या वाडवडलांची निम्मी जमीन गेली म्हणत्यात. हॉस्पिससाठी पाहिजे ते घिऊन जा. माझी बायको तितंच गेली. पर त्यो बाहुला जळताना मी काय म्हणून हुबा ऱ्हाऊ?"

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलं नाही."

घरी येताना माझ्या डोळ्यांपुढं ती बाज उभी राहिली. गावाची होळी म्हणताना आपण सगळ्यांची म्हणतो. पण तिच्यात कुणाचं तरी काहीतरी जळत असतं, आणि तो बोलत नाही म्हणून आपल्याला वाटतं की त्याची हरकत नाही.

त्या साली कमिटीत मी विषय काढला. आमच्या होळीत बाहुलं नसतं, नुसती लाकडं असतात, तरी सण होतो, असं म्हणालो. शेतकऱ्याचं नाव घेतलं नाही. खोलीत एकदम वारा फिरला. एक जण म्हणाला, "चारशे वर्षं चाललंय. आज धर्माचं कोण बघतंय? पोरांची गंमत आहे." दुसरा म्हणाला, "तुम्ही इथं येऊन चार वर्षं झाली ना?" ते खरंच होतं. मी खाली बघून वहीत रेघा ओढत बसलो. मग चर्चमधली घंटा वाजवणारी एक म्हातारी बाई म्हणाली की यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत गाय फॉक्स शिकला, आणि ती शाळा आपला जुना विद्यार्थी म्हणून त्याला कधी जाळत नाही. "शाळेला चालतं, तर आपल्याला का चालू नये?"

वाद दोन बैठका चालला. शेवटी निघालं ते असं : पोरांनी बाहुली करायची, हॉलमध्ये मांडायची, बघायला आणि मत द्यायला पैसे. जाळायचं एकही नाही. मग त्यांचं करायचं काय? तर शेतकऱ्यांना विकायची, बुजगावणं म्हणून. कबुतरं नि डोमकावळे पेरणीचं दाणं खातात, ही तिथलीही तक्रार आहेच.

शेकोटीच्या दिवशी दुपारपर्यंत पाऊस लागला होता. संध्याकाळी उघडला. पोती ओली, गवत चिकचिक. बटाटे भाजून ठेवलेले, ओट आणि काकवीचा आल्याचा केक, त्याला पार्किन म्हणतात, चार दिवस आधी करून मुरवलेला. मी फाटकावर तिकिटाची पेटी घेऊन बसलो होतो. तेवढ्यात तो शेतकरी आला. टोपी काढली नाही, आतही गेला नाही. माझ्याजवळची बादली उचलली आणि सुट्टे पैसे गोळा करत फाटकाशीच उभा राहिला. जाळ वर चढला तसा त्याच्या चष्म्यात दिसायला लागला. मी म्हणालो, "आत जाऊन बघा की." तो म्हणाला, "हितनं दिसतंय."

रात्री हॉलमध्ये आम्ही दोघांनी मिळून नाणी मोजली. गेल्या सालापेक्षा पैसा थोडा कमीच भरला. दोन-तीन घरं रुसून आली नव्हती, आणि पावसानंही माणूस कमी होता. हॉस्पिसला चेक गेला. कमी पडलेली रक्कम माझ्यामुळं, असं कुणी म्हणालं नाही, पण मला ती वहीत दिसत राहिली. पुढच्या साली रुसलेल्यांतलं एक घर परत आलं, आणि तिसऱ्या साली त्यांच्याच पोरीच्या बाहुल्याला पहिलं बक्षीस मिळालं. शेतकऱ्यानं ते विकत घेऊन आपल्या रानात उभं केलं. गाडीनं जाताना मला ते दिसायचं. जुना कोट, फेल्टची टोपी, आणि दोन्ही हात पसरलेले.

मागच्या फाल्गुनात मी गावी होतो. ती म्हातारी जाऊन वीस वर्षं झाली. तिचं घर पडलंय, जोत्यावर बाभळ उगवलीय. पुतण्या नि त्याची टोळी अंधारात निघालेली बघून मी त्याला थांबवलं. म्हणालो, "बाबा, लाकडं चोरू नका. मागून आणा. देतील लोक."

तो हसायला लागला. "नाना, मागून आणल्याव कसली होळी?"

त्याच्याजवळ उत्तर होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी म्हणालो, "बरं. मग एवढं तरी कर. ज्याची उचलशील, तो शिव्या देतोय का ते ऐकून ये. शिव्या देत नसला, तर आणलेलं परत ठेवून ये."

पोरगं जरा थबकलं. मग "हां" म्हणून पळालं. रात्री उशिरापर्यंत मी ओट्यावर बसून होतो. चारी बाजूंनी शिव्या ऐकू येत होत्या, आणि मला बरं वाटत होतं.