रसेल संस्कृतात आला तेव्हा

भिवंडीत वीज गेली की पॉवरलूमचा खडखडाट थांबतो आणि गल्लीत तीन वाक्यं ऐकू येतात. मराठी माणूस म्हणतो ‘लाइट गेली’, उर्दू बोलणारा म्हणतो ‘लाइट चली गई’, तेलुगू कारागीर म्हणतो ‘करंटु पोयिंदि’. वाक्यं तीन, पण सांगितलेली गोष्ट एकच. ती ‘एकच गोष्ट’ म्हणजे नेमकं काय?

बर्ट्रांड रसेलने १९०३ मध्ये या प्रश्नाला उत्तर दिलं होतं: प्रपोझिशन, म्हणजे आपल्या मराठीत विधान. ते शब्दांचं बनलेलं नसतं आणि कुणाच्या डोक्यातही नसतं. कुणी म्हणो वा न म्हणो, ते खरं किंवा खोटं असतंच. पुढे खोट्या विधानांनी रसेललाच अडवलं. वीज आलेली नसताना कुणी ‘लाइट आली’ म्हटलं, तर जगात त्या विधानाच्या जागी काय असतं? काही वर्षांत त्याने हे मत सोडलं.

हाच विचार १९८३ मध्ये पुण्यात पंडितांपुढे आला. दया कृष्ण यांच्या पुढाकाराने न्यायशास्त्राचे पंडित आणि इंग्रजीतून पाश्चात्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक एकत्र बसले. रसेलची विधानाची कल्पना संस्कृतात मांडली मे. पुं. रेगे यांनी. रेगे मुंबईच्या कीर्ती कॉलेजचे प्राचार्य होते, ‘नवभारत’चे संपादक होते आणि ‘पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास’ त्यांनी मराठीतून लिहिला होता.

मला इथे सगळ्यात मोलाची वाटते ती भाषांतराची अडचण. न्यायदर्शनात वाक्य आहे, आणि ते ऐकून होणारा शाब्दबोधही आहे. हा बोध कुणाला तरी, केव्हा तरी होतो आणि खरं-खोटं ठरतं ते त्या ज्ञानाचं. कुणाचंच नसलेलं विधान त्यांना लागत नाही. खोटेपणाचंही त्यांना कोडं पडत नाही. शिंपल्यावर चांदी दिसली, तर शिंपला खरा आणि चांदीही कुठेतरी खरी. चुकते ती जोडणी. ‘लाइट आली’चंही तसंच: वीज खरी, येणंही खरं, फक्त या क्षणी या गल्लीत ती दोन्ही जुळत नाहीत.

उलट प्रश्नही तितकाच बिनतोड आहे. तिघांना तीन वेगळी ज्ञानं झाली, तर तिघांचं म्हणणं ‘एकच’ कसं? नैयायिक म्हणेल, विषय एकच आहे. मग हा समान विषय रसेलच्या विधानापेक्षा खरंच वेगळा आहे का? वाद इथे रंगतो.

या चर्चा १९९१ मध्ये ‘संवाद’ नावाने पुस्तकरूपात आल्या. पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास म्हणजे देकार्त ते रसेल ही नावं पाठ करणं, असं आपल्याला वाटतं. तत्त्वज्ञान इंग्रजीतच होतं, असंही कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. रेग्यांनी रसेलला अशा भाषेत आणलं, जिथे त्याला हटकणारे लोक होते. एखाद्या कल्पनेला आपल्याकडे शब्द नसेल, तर आधी विचारावं: तो आपल्याला का लागला नाही?