दाताचं डिजिटल माप घेताना पांढरी पावडर का फवारतात?

रूट कॅनाल झालेल्या दाढेवर कॅप बसवायची असेल, तर आधी त्या दाढेचं माप लागतं. वर्षानुवर्षं हे माप एकाच पद्धतीने घेतलं जायचं. लगदा भरलेला ट्रे तोंडात दाबायचा, तो घट्ट होईपर्यंत पेशंटने नाकाने श्वास घेत बसायचं आणि मग त्या साच्यात प्लास्टर ओतायचं. आता अनेक क्लिनिकमध्ये जाड पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवतात आणि दातांची त्रिमितीय प्रतिमा थेट स्क्रीनवर दिसते. यालाच डिजिटल इंप्रेशन म्हणतात.

पण काही वेळा कॅमेरा फिरवण्याआधी डॉक्टर दातांवर पांढरी पावडर फवारतात. ते औषध नसतं, दात पांढरे करण्याचा उपायही नसतो. कॅमेऱ्याला दाताचा पृष्ठभाग नीट दिसावा, एवढंच तिचं काम. तो थर योग्य जागी आणि पातळ बसला तर माप सुधारतं. जाड बसला तर तोच थर माप बिघडवतो.

माप चुकलं तर काय होतं?

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याचं उदाहरण घेऊ. इथून नाशिक शहर साधारण ७५ ते ८० किलोमीटरवर आहे. कॅप बहुतेक वेळा डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये बनत नाही, ती डेंटल लॅबमध्ये बनते. माप लॅबला पाठवायचं, कॅप तयार होऊन यायची आणि मग बसवायची. मापात गडबड झाली की हे सगळं चक्र पुन्हा फिरतं. उमराणे किंवा लोहोणेरहून आलेल्या शेतकऱ्याचा, ऐन कांदा काढणीत, आणखी एक दिवस जातो.

डिजिटल मापाचा इथे खरा फायदा आहे. अल्जिनेटच्या मापातलं पाणी उडालं की ते आकसतं, म्हणून त्यात लवकर प्लास्टर ओतावं लागतं. स्कॅनची फाइल आकसत नाही आणि नाशिक असो की मुंबई, काही मिनिटांत लॅबला पोहोचते. पण फाइलमध्ये चूक असेल, तर तीही तेवढ्याच वेगाने पोहोचते.

आणि नुकसान फक्त वेळेचं नसतं. कॅपसाठी दात घासून लहान केलेला असतो आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही. कॅपची कड आणि दात यांच्यात फट राहिली, तर तिथे अन्न आणि जंतू साठतात आणि कॅपखाली कीड लागते. रूट कॅनाल झालेल्या दाढेतली नस काढलेली असल्याने ती ठणकत नाही. त्यामुळे कीड बरीच पसरल्यावर लक्षात येते आणि कधी दाढच काढावी लागते.

ही फट किती चालते? मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या अभ्यासकांनी १९७१ मध्ये हजाराहून जास्त कॅप आणि तत्सम कामांच्या पाहणीवरून १२० मायक्रॉन ही कमाल मर्यादा सुचवली. दंतवैद्यकात आजही हाच आकडा सांगितला जातो. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. म्हणजे ही मर्यादा मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकीही नाही.

दात कॅमेऱ्याला चकवतो कसा?

लॅमिनेशन केलेल्या फोटोचा मोबाइलने फोटो काढून पाहा. लाइटखाली मधोमध पांढरा झळाळ येतो आणि चेहरा दिसत नाही. तोंडात कॅमेऱ्याची तीच अडचण होते.

स्कॅनर दातावर प्रकाश टाकतो, परत आलेला प्रकाश टिपतो आणि त्यावरून पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू किती अंतरावर आहे हे काढतो. यासाठी प्रकाश पृष्ठभागावरूनच आणि सगळीकडे सारखा परतायला हवा. तोंडात तीन गोष्टी यात आडव्या येतात.

पहिली म्हणजे लाळ. ओला दात आरशासारखा चमकतो. दुसरी म्हणजे दाताचं इनॅमल. ते अर्धपारदर्शक असतं. थोडा प्रकाश आत शिरतो, आतच विखुरतो आणि दुसऱ्याच जागेवरून बाहेर येतो. त्यामुळे पृष्ठभाग नेमका कुठे आहे याबद्दल स्कॅनरची फसगत होते. तिसरी म्हणजे धातू. जुनी चांदी भरलेली दाढ किंवा धातूची कॅप शेजारी असेल, तर तिथून येणाऱ्या झळाळीमुळे प्रतिमेत खड्डे किंवा खोटे उंचवटे दिसतात.

पावडर काय करते?

या पावडरीत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. भिंतीचा पांढरा रंग आणि सनस्क्रीन यांतही हाच पदार्थ वापरतात. त्याचा पातळ थर दातावर बसला की इनॅमल, चांदी, धातू सगळं एकसारखं, चमक नसलेलं पांढरं होतं. प्रकाश आत शिरत नाही, एका बाजूला झळाळतही नाही, सगळ्या दिशांना सारखा विखुरतो. स्कॅनरला हेच हवं असतं.

ही युक्ती डिजिटल मापाइतकीच जुनी आहे. प्रकाशाने दाताचं माप घेण्याची कल्पना फ्रान्सच्या फ्रांस्वा ड्युरे यांनी १९७३ मध्ये आपल्या प्रबंधात मांडली. पुढे स्वित्झर्लंडच्या झुरिक विद्यापीठात वेर्नर मोरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी सेरेक ही यंत्रणा तयार केली आणि १९८५ मध्ये तिचा पहिल्यांदा पेशंटवर वापर झाला. त्या यंत्रणेला पावडर लागायचीच. २००९ मध्ये आलेल्या तिच्या ब्लूकॅम या निळ्या प्रकाशाच्या कॅमेऱ्यालाही लागायची. २०१२ मध्ये आलेला ओम्निकॅम मात्र पावडरशिवाय चालू लागला. आजचे बहुतेक नवे स्कॅनर असेच पावडरशिवाय चालतात.

मग थर माप बिघडवतो कसा?

डाळिंबावर फवारणी करणाऱ्याला हे पटकन कळेल. नोझल बरोबर असेल तर बारीक तुषार पानभर सारखे बसतात. एकाच जागी जास्त फवारलं तर थेंब ओघळून कडेला साचतात. दातावरही तसंच होतं.

स्कॅनर पावडरीखालचा दात पाहत नाही, पावडरीचा वरचा पृष्ठभाग पाहतो. थर सगळीकडे सारखा आणि पातळ असेल तर फरक नगण्य राहतो. पण कोपऱ्यात किंवा हिरडीलगतच्या कडेवर पावडर साचली, तर धारदार कड स्क्रीनवर गोल आणि जाड दिसते. कॅप जिथे संपायला हवी, ती रेषाच पुसट होते. एकूण मर्यादाच १२० मायक्रॉनची असताना पावडरीने काही दहा मायक्रॉन खाल्ले, तर कॅप बनवताना होणाऱ्या बाकीच्या छोट्या चुकांना जागा उरत नाही.

दुसरी अडचण म्हणजे थर टिकत नाही. जीभ लागली, लाळ आली, पेशंट खोकला की पावडर धुऊन जाते. मग पुन्हा फवारणी होते आणि जिथे आधीचा थर शिल्लक आहे तिथे दोन थर बसतात. अशा वेळी धुऊन, वाळवून नव्याने सुरुवात करणं जास्त सुरक्षित ठरतं.

पावडर कुठे उपयोगी, कुठे नाही?

जुन्या पिढीच्या स्कॅनरला पावडर लागतेच. नव्या स्कॅनरलाही धातूची चकाकती कॅप अडचण करत असेल, तर तेवढ्या भागावर हलका फवारा मदत करतो. लॅबमध्ये प्लास्टरचे नमुने किंवा धातूचे भाग स्कॅन करतानाही असे स्प्रे वापरतात. तिथे काही स्प्रे असे असतात की त्यांचा थर काही वेळाने हवेत आपोआप उडून जातो आणि पुसावा लागत नाही.

पण काही चुका कुठल्याच लेपाने सुटत नाहीत. हिरडीतून रक्त येत असेल किंवा दाताची कड हिरडीखाली दडली असेल, तर पावडर ती कड उघडी करू शकत नाही. त्यासाठी हिरडी बाजूला सारणारा बारीक दोरा, रक्त थांबवणं आणि नीट वाळवणं हेच उपाय आहेत. अख्ख्या जबड्याचं माप घेतानाही तसंच. स्कॅनर छोट्या छोट्या प्रतिमा जोडत पुढे जातो आणि प्रत्येक जोडणीतली बारीकशी चूक शेवटच्या दाढेपर्यंत वाढत जाते. दातच नसलेल्या गुळगुळीत हिरडीवर जोडायला खुणाही कमी मिळतात.

पावडर सुरक्षित आहे का?

दातावरचा थर काम झाल्यावर पाण्याने धुऊन टाकतात. काळजी घ्यायची ती हवेत उडणाऱ्या कणांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधारे, श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. एका स्कॅनमध्ये पेशंटचा त्याच्याशी येणारा संबंध थोड्या वेळाचा असतो, तर डॉक्टर आणि सहायकांचा रोजचा. म्हणून फवारताना सक्शन चालू असणं आणि मास्क लावणं महत्त्वाचं. दमा असेल तर पेशंटने ते आधीच सांगावं.

पेशंटने काय विचारावं?

• हा स्कॅनर पावडरशिवाय चालतो का? नसेल तर पावडर कुठे आणि किती लागेल?
• स्कॅन झाल्यावर स्क्रीनवर दाताची कड सलग दिसते का? डॉक्टरांना ती मोठी करून दाखवायला सांगता येतं.
• कॅप कायमची चिकटवण्याआधी घालून पाहणार का? घालून पाहताना ती हलते का, चावताना उंच लागते का, शेजारच्या दाताशी फट राहते का, हे सांगायची वेळ तीच. एकदा चिकटवलेली कॅप काढताना बहुतेक वेळा ती कापावीच लागते.

स्कॅनमध्ये कड पुसट दिसली तर तो भाग वाळवून पुन्हा स्कॅन करायला काही मिनिटं लागतात. तीच चूक कॅप बनून आल्यावर कळली, तर नवं माप, नवी कॅप आणि देवळ्याची आणखी एक फेरी.