वराहवंशाची वीण

डुकराचे नाव काढताच आमच्या सोवळ्या घरांतून नाके मुरडली जातात. याच देहाने विष्णूने पृथ्वी वर काढली ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो, ते निराळे. तथापि मनुष्याच्या इच्छेपुढे आनुवंशिकता कितपत नमते व कोठे अडते, हे पाहावयाचे असल्यास डुकरिणीच्या वेताइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या इतिहासाचा आरंभ कोणाच्या ध्यानीमनी नसता झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी डुकरे इंग्लंडात आली. लवकर वाढणारी व चरबीदार म्हणून ती तेथील पैदासकारांस आवडली आणि देशी डुकरांशी त्यांचा संकर झाला. डार्विनने आपल्या १८६८ च्या ग्रंथात नाथुसियस या जर्मन पंडिताच्या आधारे या दोन वंशांचा भेद विस्ताराने मांडला आहे. पैदासकारांस हवे होते मांस. परंतु त्याबरोबर आणखी काही आले होते. २०१४ साली हॉलंडमधील वागेनिंगन येथील संशोधकांनी दाखविले की, ‘लार्ज व्हाइट’ या युरोपीय जातीत आशियाई अंश अद्यापि नांदत आहे, आणि एका विशिष्ट जनुकाचा आशियाई नमुना ज्यांच्या ठायी आहे त्या डुकरिणींस पिल्ले अधिक होतात.

बुद्धिपुरस्सर प्रयत्नांस मात्र फार काळ यश आले नाही. एका वेतास किती पिल्ले होतात यात डुकरिणी-डुकरिणींत भेद पुष्कळ दिसतो. पण त्यात वंशाचा वाटा शेकडा १० च्या आसपास, बाकीचा आहार, उन्हाळा, वय आणि नशीब यांचा. पाठीवरील चरबीच्या बाबतीत हाच वाटा शेकडा ४० ते ५० पर्यंत जातो. शिवाय नराच्या अंगचा हा गुण त्याच्या लेकी व्याल्याखेरीज कळत नाही.

१९६७ साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात एक सरळ विचार पुढे आला : पिल्ले अंड्यांतून होतात, तर अंडीच वाढवावी. अधिक अंडी सोडणाऱ्या माद्या पिढ्यान् पिढ्या निवडल्या. नऊ पिढ्यांत दर माजाच्या वेळची अंडी तीनांहून अधिक वाढली; पिल्लांत मात्र एकाचीही पुरती भर पडली नाही! गर्भाशयातील जागा होती तेवढीच. जादा गर्भ आतल्या आत नाहीसे झाले. मला हा प्रयोग फार उद्बोधक वाटतो. हिशेब चुकला नव्हता, तो अर्धाच मांडला होता.

उरलेला अर्धा हिशेब चीनच्या ताइहू सरोवराकाठच्या मेइशान डुकरिणीने शिकविला. सुरकुतलेले तोंड, लोंबते कान; तीन महिन्यांच्या सुमारास वयात येणारी आणि पंधरा-सोळा पिल्लांची माय. १९७९ साली फ्रान्सने, १९८७ साली इंग्लंडने व १९८९ साली अमेरिकेने ही जात आणविली. हिच्या गर्भाची वार आकाराने लहान, पण रक्तवाहिन्यांनी दाट भरलेली असते. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक गर्भ पोसले जातात. १९९६ साली आयोवातील शास्त्रज्ञांनी या वंशात एका स्त्री-संप्रेरकाशी संबद्ध असे जनुक वेताशी जोडून दाखविले. मोठा गाजावाजा झाला. पुढे अन्य कळपांत त्याचा परिणाम कोठे दिसला, कोठे दिसला नाही. एका किल्लीने उघडणारे हे कुलूप नव्हते. मेइशान स्वतः अतिशय चरबीदार व मंद वाढीची, म्हणून तिचा थेट उपयोगही बेताचाच झाला.

अखेर यश आले ते आकडेमोडीस. हजारो वेतांच्या नोंदी, सर्व गोतावळ्याची माहिती व संगणक यांच्या बळावर तो शेकडा दहाचा वाटाही पिढीगणिक साठविता येऊ लागला. डेन्मार्कने १९९२ साली वेतातील पिल्लांची संख्या हे पैदाशीचे ध्येय ठरविले. संख्या भराभर वाढली, आणि मृत्यूही वाढले. कारण गर्भाशयात दाटी झाली की पिल्ले हलकी व अशक्त निपजतात. केवळ जन्म मोजणाऱ्यांच्या वहीत हे मेलेले जीवही लाभाच्याच बाजूस मांडले जात होते.

२००४ साली डॅनिश पैदासकारांनी मोजणीचा दिवस बदलला. जन्मलेली नव्हे, तर पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्ले ते मोजू लागले, आणि मृत्यूचे प्रमाण उतरू लागले. तरीही तेथील कित्येक वेतांत आज आईच्या सडांपेक्षा पिल्लांची तोंडे अधिक असतात. वरकड पिल्ले मग दुसऱ्या एखाद्या दुभत्या डुकरिणीच्या अंगावर लावावी लागतात.