चामराजपेट आणि तोंडी हिशेबाची विद्या

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस १८९२ साली आखलेली आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव धारण करणारी चामराजपेट ही वसाहत, जिचे रस्ते आजही क्रमांकांनी ओळखले जातात, ती तोंडी आकडेमोडीसाठी ख्यातनाम शकुंतला देवींच्या अल्पकालीन शालेय आयुष्याची साक्षीदार होय. १९२९ साली बंगळुरातच जन्मलेल्या या कन्येचे वडील सर्कशीत कसरती करून प्रपंच चालवीत. तिला येथील एका शाळेत घातले खरे, परंतु दरमहा दोन रुपये फी भरण्याची ऐपत नसल्याने तीन महिन्यांतच तिचे नाव पटावरून कमी झाले, असे चरित्रकार नमूद करतात.

खरी तालीम मात्र घरीच सुरू झाली होती. पत्त्यांचा खेळ शिकविताना तीन वर्षांच्या लेकीची विलक्षण स्मरणशक्ती वडिलांच्या ध्यानी आली आणि सर्कस सोडून ते तिचे प्रयोग करू लागले. सहाव्या वर्षी म्हैसूर विद्यापीठात तिच्या आकडेमोडीचे प्रात्यक्षिक झाले, आणि १९४४ मध्ये पितापुत्री लंडनला गेली.

पुढची कारकीर्द सर्वश्रुत आहे. १९७७ मध्ये डॅलस येथे त्यांनी २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ, ५४,६३,७२,८९१, पन्नास सेकंदांत सांगितले. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार अठ्ठावीस सेकंदांत केला. १९८८ साली बर्कली येथे मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी त्यांना ६,१६,२९,८७५ चे घनमूळ विचारले, तेव्हा प्रश्नकर्त्याच्या वहीत संख्या उतरण्यापूर्वीच ३९५ हे उत्तर आले. यातील मर्म असे, की शेवटी पाच असलेल्या पूर्ण घनाचे मूळही पाचातच संपते. ३९० चा घन पाच कोटी त्र्याण्णव लाखांच्या घरात आणि ४०० चा सहा कोटी चाळीस लाख, तेव्हा मधले ३९५ आपोआप उरते. हे आपल्याला कागदावर पटते, त्यांना मात्र ते पाहताक्षणी दिसे.

त्यांनी नवा सिद्धांत मांडला नाही, म्हणून गणितज्ञांच्या पंक्तीत त्यांना बसवावे की नाही, हा वाद मला गौण वाटतो. पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून तयार झालेले आमचे कारकून वसुलीचा जमाखर्च ज्या बळावर तोंडी जुळवीत, त्याच गणनविद्येचे हे परमोच्च शिखर होय. शून्यातून शोध लावणे जसे बुद्धीचे ऐश्वर्य, तसेच संख्येशी सख्य जोडणे हेही होय. आणि ते सख्य बालवयात, पाढ्यांच्या लयीतच जडते. २१ एप्रिल २०१३ रोजी शकुंतला देवी बंगळुरातच निवर्तल्या. त्यांचे स्मरण करावयाचे, तर घरातल्या लेकराला जवळ बसवून साडेतीनची औटकी एकदा तरी म्हणवून घ्यावी. फी न भरताही जी शिकता येते, अशी ती विद्या आहे.