तलाव साफ करणाऱ्याचा विमा कोणी काढायचा?

उन्हाळा आला की नगरपरिषदांच्या जलतरण तलावांच्या निविदा निघतात. अनामत रक्कम, अनुभवाचा दाखला, जीएसटी नंबर, सगळं नीट तपासलं जातं. मग शेवटच्या पानावर एक ओळ असते: 'कोणतीही दुर्घटना घडल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची राहील.' ही ओळ लिहिली की आपण सुटलो असं साहेबांना वाटतं, पदाधिकाऱ्यांनाही वाटतं. ठेकेदार न वाचता सही करतो आणि दुसऱ्या दिवशी दोन पोरं टीसीएल पावडरीच्या गोण्या घेऊन तलावात उतरतात.

ही एक ओळ किती पोकळ आहे हे समजून घ्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या खिशाचा आहे. सावकाश वाचा.

इंग्लंडात लँकेशायरमध्ये जॉन रायलंड्स नावाचा मोठा कापड गिरणीवाला होता. गिरणीला पाणी हवं म्हणून त्याने तलाव बांधायला घेतला. स्वतः काही केलं नाही, इंजिनिअर नेमला, ठेकेदार नेमला. खोदताना ठेकेदाराच्या माणसांना खाली जुन्या, बंद पडलेल्या खाणीचे उभे बोगदे लागले. ते त्यांनी नीट बुजवले नाहीत. डिसेंबर 1860 मध्ये तलाव भरला आणि पाणी त्या बोगद्यांतून शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. नुकसान 937 पौंड. रायलंड्सचं म्हणणं साधं होतं, माझी चूक काय? काम ठेकेदाराचं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 1868 मध्ये निकाल लागला की धोक्याची वस्तू तू तुझ्या जागेत आणलीस, ती बाहेर सुटून नुकसान झालं तर जबाबदार तू. ठेकेदाराकडे बोट दाखवून चालणार नाही. आपल्याकडच्या वकिलीच्या पोरांना हा खटला आजही पाठ असतो.

मालकावर अशी जबाबदारी यायला लागल्यावर तिचा विमा विकणारे आले नसते तरच नवल. 1880 मध्ये ब्रिटनमध्ये एम्प्लॉयर्स लायबिलिटी कायदा झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये एम्प्लॉयर्स लायबिलिटी अॅश्युरन्स कॉर्पोरेशन ही कंपनी उभी राहिली. विमा आधीही होता, पण तो माझं जहाज बुडालं, माझं गोदाम जळलं यासाठी. 'माझ्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर' हा विमा नवीन होता. पैसे विमा कंपनी भरणार म्हटल्यावर मालक निष्काळजी होतील, अशी ओरड तेव्हाही झाली. (ही शंका आजही ऐकू येते. गंमत म्हणजे ती घेणाऱ्यांनी स्वतःच्या गाडीचा विमा मात्र भरलेला असतो.)

आपल्याकडे हे यायला 1923 उजाडलं. कामगार नुकसानभरपाई कायदा त्या वर्षी झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात होते. या कायद्यातलं कलम 12 निविदा लिहिणाऱ्या प्रत्येक बाबूने वाचायला हवं होतं. ते सांगतं की मालकाने स्वतःच्या धंद्यातलं काम ठेकेदाराला दिलं आणि ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला, तर त्याची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकाने ती आधी द्यायची, मग ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं. आणि 'आम्ही कुठे धंदा करतो, आम्ही तर स्थानिक स्वराज्य संस्था' असंही म्हणता येत नाही. स्थानिक संस्थेचं कर्तव्य हाच तिचा धंदा समजावा, असं त्याच कायद्याने लिहून ठेवलं होतं. शेवटच्या पानावरची ती ओळ नगरपरिषद आणि ठेकेदार यांच्यातली आहे. बुडालेल्या किंवा भाजलेल्या पोराच्या आईने त्यावर सही केलेली नाही.

रकमेचा अंदाज घ्या. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा 207.98. महिना 15,000 पगार धरला तर 15,59,850 रुपये होतात. (ईएसआयमध्ये नोंद असेल तर लाभ तिकडून मिळतो, पण हंगामी पोरांची नोंद कोण करतं?) आता कामगार कायद्यांच्या नव्या संहिता आल्यात, भरपाईचा ढाचा मात्र तोच आहे. तीन महिन्यांच्या ठेक्यात ठेकेदाराला काय सुटतं ते तुम्हीच ताडा. तो हे पैसे आणणार कुठून?

हे झालं कामगाराचं. पोहायला येणाऱ्याचं काय? त्याचा मोठा खटला दिल्लीत झाला. ऑगस्ट 1972. लुफ्थान्साचा एक तरुण जर्मन सहवैमानिक ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात उतरला होता. तलावात त्याने फळीवरून सूर मारला आणि डोकं तळाला आपटलं. हातपाय लुळे पडले. 1975 मध्ये दावा दाखल झाला. 1985 मध्ये तो माणूस गेला, दावा चालूच. जानेवारी 1997 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी (पुढे हे सरन्यायाधीश झाले) यांनी 50 लाखांचा निकाल दिला. तलावाची रचनाच सदोष होती आणि इतके पैसे घेणाऱ्या हॉटेलावर काळजीची जबाबदारीही तेवढीच मोठी, असं त्यांनी म्हटलं. पुढे अपिलात खंडपीठाने हा निकाल फिरवला, कारण फिर्यादी मेला की असा वैयक्तिक इजेचा दावाही त्याच्याबरोबर संपतो. तलाव निर्दोष ठरला म्हणून नव्हे. माणूस आधी गेला म्हणून.

आता क्लोरीनकडे येऊ. आपण विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, तेव्हा पाण्यात कोणी काही टाकत नव्हतं. टाकीतल्या पाण्यात शेकडो माणसं उतरायची तर क्लोरीनला पर्याय नाही. पण फरशीवरचा थर काढायला आणलेलं अॅसिड आणि टीसीएल एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्याला कारखाना लागत नाही, एक बादली पुरते. 2010 मध्ये मुंबईत शिवडीला, पोर्ट ट्रस्टच्या आवारात वर्षानुवर्षं पडून गंजलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना त्रास झाला.

भोपाळला वर्ष होतं न होतं तोच, 4 डिसेंबर 1985 ला, दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला. कॉस्टिक आणि क्लोरीन बनवणारा तोच कारखाना. डिसेंबर 1986 मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने रायलंड्सच्याही पुढचं पाऊल टाकलं. देवाची करणी, तिऱ्हाइताची चूक या इंग्रजी कायद्यातल्या पळवाटा धोकादायक उद्योगाला मिळणार नाहीत, असं ठरलं. त्यातून 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. विमा सक्तीचा, चूक सिद्ध न करता तातडीची मदत. तेव्हा मृत्यूला ठरलेली रक्कम होती 25,000 रुपये! आणि सक्तीसुद्धा ठरावीक साठ्याच्या वर. तलावाच्या खोलीतल्या चार गोण्या त्यात बसत नाहीत.

म्हणजे तलावाच्या ठेकेदारावर या कायद्याची सक्ती नाही. विमा घ्यायचा तर स्वखुशीने, किंवा निविदेत अट असेल तर. घ्यायचा झाला तर दोन कागद वेगळे घ्यावे लागतात. कामगारांसाठीचा (एजंट त्याला अजून 'डब्ल्यूसी'च म्हणतात) आणि तिऱ्हाइतासाठीचा पब्लिक लायबिलिटी. बहुतेक ठिकाणी कोणी घेतलाच तर पहिला घेतात आणि दोन्हींचं काम झालं समजतात. दुसऱ्यात बारीक अक्षरंही बरीच. वायू किंवा रसायन पसरून झालेलं नुकसान, ज्याची इथे खरी भीती, ते बऱ्याचदा जादा हप्ता भरल्याशिवाय धरत नाहीत. ठेकेदाराच्याच ताब्यातला पंप किंवा फिल्टर जळाला तर तोही सहसा बाहेर.

शिवाय हा दुसरा विमा आपल्याकडे बहुधा 'दावा ज्या मुदतीत आला ती मुदत' या हिशोबाने चालतो. अपघात घडला तेव्हा पॉलिसी होती एवढं पुरत नाही, दावा आला तेव्हाही ती चालू लागते. दिल्लीत अपघात आणि दावा यांत तीन वर्षं गेली होती. आपल्याकडे दर हंगामात ठेकेदार बदलतो, आणि गेलेला ठेकेदार जुन्या तलावासाठी हप्ता भरत बसत नाही. यंदाच्या फाइलमध्ये विम्याचा कागद आहे का, असला तर कोणता आणि कोणत्या तारखेपर्यंतचा, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. मी अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो.